मालदीवजवळचा गाळाचा गाभा: सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचे आणि नऊ लाख वर्षांचे हवामान

प्रकरणाची ओळख

१९९० साली ‘मारिओं द्युफ्रेन’ या फ्रेंच संशोधन नौकेने मालदीव बेटांच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ५ अंशांवर, जवळजवळ अडीच हजार मीटर खोलीच्या समुद्रतळातून गाळाचा एक लांबलचक दंडगोल वर काढला. तळात नळी खुपसून असा सलग गाळ बाहेर काढला, की त्याला गाभा म्हणतात. नौकेच्या नावाची आद्याक्षरे, वर्ष आणि अनुक्रमांक जोडून या गाभ्याला एमडी ९०-०९६३ असे नाव मिळाले. त्याच्या तळाशी असलेला गाळ नऊ लाख वर्षांहून जुना निघाला. पुढच्या सात वर्षांत तीन स्वतंत्र अभ्यासांनी या एकाच गाभ्यातून हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान, पाण्याची क्षारता, कालगणना आणि सागरी वनस्पतींची उत्पादकता अशा चार वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या.

या वाचनात सर्वांत मोठा वाटा कोकोलिथोफोर या एकपेशीय शैवालांचा आहे. ही शैवाले समुद्राच्या उजेड पोहोचणाऱ्या थरात तरंगतात, प्रकाशसंश्लेषण करतात आणि स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म चकत्यांचे कवच रचतात. ‘शैवालांची कवचे जुने हवामान नोंदवतात’ हे विधान लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. कवचावर तापमान लिहिलेले नसते. कवच कोणत्या जातीचे आहे, त्याच पेशीने मागे ठेवलेली चरबी कोणत्या प्रकारची आहे आणि शेजारी पडलेल्या दुसऱ्या जीवाच्या कवचात ऑक्सिजनचे कोणते प्रमाण आहे, या तीन साक्षी एकमेकींसमोर ठेवल्या, की हवामान हाती लागते. तिन्ही साक्षी एकाच सेंटीमीटर गाळात सापडतात, म्हणून त्यांच्या काळाबद्दल आपापसांत सहसा वाद उरत नाही. मालदीवचा गाभा हे या पद्धतीचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

जागेची निवडही समजून घ्यायला हवी. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे एकाच समुद्रबुड्या कण्यावर उभी आहेत. या कण्याच्या उतारावरचा तळ भोवतालच्या खोल महासागरापेक्षा बराच उथळ असल्याने तिथे पडलेले कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट, विरघळत नाही. हिंदी महासागरात साधारण पावणेचार ते चार किलोमीटरच्या खाली पाणी कॅल्साइटला खाऊ लागते. अडीच किलोमीटरवर ते सुरक्षित राहते. शिवाय मोठ्या नद्यांची मुखे लांब असल्यामुळे चिखलमातीचा भरणा कमी होतो आणि गाळात जैविक चुन्याचे प्रमाण भरपूर राहते.

पेशीच्या आत चकती कशी घडते

कोकोलिथोफोर गटातली आजची सर्वांत विपुल जात एमिलियानिया हक्सलेयी ही आहे. तिची पेशी सुमारे ५ मायक्रोमीटर व्यासाची, तर एकेक चकती, म्हणजे कोकोलिथ, साधारण ३ मायक्रोमीटरची असते. चकतीचे वस्तुमान ग्रॅमच्या एक लक्ष कोट्यंशाच्या दोन-तीन पट, इतके नगण्य भरते. या जातीच्या नावातले हक्सले म्हणजे थॉमस हेन्री हक्सले. १८५७ मध्ये ‘सायक्लॉप्स’ या ब्रिटिश जहाजाने तारायंत्राची केबल टाकण्यासाठी उत्तर अटलांटिकच्या तळाची पाहणी केली, तेव्हा वर आलेल्या चिखलात हक्सले यांना हे गोलसर कण दिसले आणि त्यांनी त्यांना कोकोलिथ म्हटले. त्यांना ते निर्जीव खनिज वाटले होते. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६१ मध्ये या कणांची एक बाजू खोलगट असल्याचे दाखवून, ते मुळात एखाद्या गोलाच्या पृष्ठभागावर बसलेले असले पाहिजेत असा तर्क केला. हा तर्क पुढे अचूक ठरला. निव्वळ आकाराकडे बारकाईने पाहून केलेले ते अनुमान आजही वाचताना थक्क करते.

चकती पेशीच्या बाहेर साचत नाही. ती पेशीच्या आत तयार होऊन बाहेर ढकलली जाते. पेशीतली द्रव्ये बांधून पाठवणाऱ्या गॉल्जी पिंडापासून सुटलेल्या एका चपट्या पुटिकेत, म्हणजे इवल्या पिशवीत, प्रथम सेंद्रिय द्रव्याची एक लंबवर्तुळाकार तळपट्टी तयार होते. या तळपट्टीच्या कडेवर, आणि फक्त कडेवरच, कॅल्साइटचे इवले स्फटिक उगवतात. ते एकाआड एक दोन दिशांनी लावलेले असतात: एकाचा स्फटिक-अक्ष तळपट्टीला जवळजवळ उभा, तर शेजारच्याचा बाहेरच्या बाजूला आडवा. ही रचना जेरेमी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. एमिलियानिया हक्सलेयीत आडव्या अक्षाचे स्फटिक वाढत जातात आणि उभ्यांना मागे टाकतात; त्यांच्यापासूनच मधली नळी, वरची ढाल आणि खालची ढाल घडते. वरच्या ढालीचे भाग अरुंद आणि एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही चकती दांडे असलेल्या चाकासारखी दिसते. वाढ कुठे चालू ठेवायची आणि कुठे थांबवायची, हे पुटिकेतल्या आम्लधर्मी शर्करा-साखळ्या ठरवतात. स्फटिकाच्या ठरावीक पायऱ्यांना चिकटून त्या तिथली वाढ रोखतात. निसर्गातला साधा कॅल्साइट समचतुर्भुज घनांच्या रूपात वाढतो, तर इथे तेच द्रव्य वक्र आणि कोरीव होते.

कच्चा माल समुद्राच्या पाण्यातून येतो. कॅल्शियमची तिथे वाण नाही. कार्बन मात्र प्रामुख्याने बायकार्बोनेटच्या रूपात आत घेतला जातो, आणि बायकार्बोनेटपासून कार्बोनेट बनताना एक हायड्रोजन आयन सुटतो. म्हणजे प्रत्येक स्फटिकाबरोबर पेशीत आम्ल तयार होते आणि ते बाहेर फेकले नाही, तर काही मिनिटांतच पेशीचे आतले संतुलन बिघडेल. २०११ मध्ये अॅलिसन टेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या शैवालांच्या पेशीपटलात विद्युतदाबावर उघडणारी प्रोटॉनची, म्हणजे हायड्रोजन आयनांची, दारे असतात आणि त्यांतून हे आम्ल बाहेर वाहते. या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे, कारण बाहेरचे पाणीच अधिक आम्लधर्मी झाले, तर आतून बाहेर वाहणारा हा ओघ मंदावतो. समुद्राच्या आम्लीकरणाचा कवचावर होणारा परिणाम समजून घ्यायचा, तर कोरड्या रासायनिक समीकरणापेक्षा या दारापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते.

एमिलियानिया हक्सलेयीला एक चकती पूर्ण करायला साधारण तासभर लागतो. तयार चकती पेशीपटलापर्यंत सरकून बाहेर येते आणि आधीच्या चकत्यांत अडकून बसते. जात बहरात असताना पेशी गरजेपेक्षा जास्त चकत्या बनवते आणि त्या पाण्यात सुट्या पडतात. उत्तर अटलांटिक, बॅरेंट्स समुद्र आणि काळा समुद्र इथे उन्हाळ्यात दिसणारे दुधाळ निळे पाणी हा त्यांचाच परिणाम आहे आणि ते उपग्रहातूनही ओळखता येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कवच बनताना कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, असे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात दोन बायकार्बोनेट आयनांपासून एक कॅल्शियम कार्बोनेट बनते, तेव्हा एक कार्बन डायऑक्साइड पाण्यात सुटतो. शैवाल कार्बन शोषते ते प्रकाशसंश्लेषणाने. कवचाचे योगदान वेगळे आहे: ते जड असल्यामुळे सेंद्रिय कणांना भार देते आणि त्यांना लवकर तळाशी नेते.

पृष्ठभागापासून तळापर्यंत

एकटी सुटी चकती इतकी हलकी असते, की ती दिवसाला एक मीटरही खाली जात नाही. या वेगाने अडीच किलोमीटर उतरायला तिला कित्येक वर्षे लागली असती आणि प्रवाहांनी तिला हजारो किलोमीटर दूर नेले असते. प्रत्यक्षात बहुतेक चकत्या प्राणिप्लवकांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून किंवा चिकट सेंद्रिय गुठळ्यांतून दिवसाला शंभर मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने उतरतात. त्यामुळे तळावरचा गाळ वरच्या पाण्याची बऱ्यापैकी प्रामाणिक नोंद ठेवतो. मालदीवजवळ हा गाळ हजार वर्षांत काही सेंटीमीटर साचतो.

पहिली साक्ष: चरबीतले तापमान

एमिलियानिया हक्सलेयी आणि तिच्या जवळच्या जेफिरोकॅप्सा जाती अल्केनोन नावाच्या लांबलचक कार्बन-साखळ्या बनवतात. ३७ कार्बनांच्या या साखळ्यांत दोन, तीन किंवा चार दुहेरी बंध असतात. पाणी थंड असेल, तर तीन बंधांचे रेणू वाढतात. उबदार असेल, तर दोन बंधांचे. थंडीत खोबरेल तेल थिजते आणि शेंगदाण्याचे तेल पातळ राहते, त्यामागेही दुहेरी बंधांचीच करामत असते, म्हणून सुरुवातीला अल्केनोनही पेशीपटल लवचिक ठेवत असावेत असे वाटले. नंतर ते पेशीच्या साठवणीच्या कणांत सापडले. कारण काहीही असो, तापमानाशी असलेले नाते टिकून आहे. सायमन ब्रॅसेल, जेफ्री एग्लिंटन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये पूर्व अटलांटिकच्या गाळात हे प्रमाण हिमयुगांबरोबर वरखाली होते असे दाखवले आणि हे रेणू हवामानाचे मापक म्हणून मान्य झाले.

मापनाची रीत सरळ आहे. गाळ वाळवून सेंद्रिय द्रावकाने त्यातली चरबी उतरवतात, ती वायू-वर्णलेखन यंत्रातून नेतात आणि आलेखावर शेजारी शेजारी येणारी दोन शिखरे मोजतात: आधी तीन बंधांचे, मग दोन बंधांचे. दोन बंधांच्या शिखराचे क्षेत्रफळ दोहोंच्या बेरजेने भागले, की ० आणि १ यांमधला एक निर्देशांक मिळतो. जगभरच्या पृष्ठीय गाळांवरून १९९८ मध्ये पीटर म्युलर आणि सहकाऱ्यांनी ठरवलेल्या सूत्रानुसार हा निर्देशांक म्हणजे ०.०३३ गुणिले तापमान, अधिक ०.०४४. उदाहरणार्थ, निर्देशांक ०.९२ आला तर तापमान साडेसव्वीस अंश सेल्सिअस निघते.

फ्राउके रोस्टेक, एदुआर बार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मालदीवच्या गाभ्याच्या वरच्या भागातून गेल्या १,७०,००० वर्षांचे तापमान अशा रीतीने काढले. उष्ण आणि हिमकाळ यांतला फरक अडीच अंशांच्या आसपास निघाला. त्या काळात उष्ण कटिबंधाचा समुद्र हिमयुगात जवळजवळ थंड झालाच नव्हता असे मानणारा एक मोठा प्रवाह होता आणि पाच अंशांपर्यंत थंडावला असे मानणारा दुसरा. या गाभ्याचे उत्तर या दोहोंच्या मध्ये पडले.

मात्र त्यांचा अधिक महत्त्वाचा डाव क्षारतेचा होता. त्याच गाळातून त्यांनी ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर या फोरॅमिनिफेराची कवचे वेचली. हा जीव शैवाल नाही. तोही एकपेशीय आहे, पृष्ठभागाजवळ तरंगतो आणि कॅल्साइटचे कवच बांधतो. त्याचे कवच वाळूच्या कणाएवढे असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक करून उचलता येते; कोकोलिथच्या बाबतीत ते शक्य नसते, आणि प्रत्येक शैवालजातीची आपापली शरीरक्रिया ऑक्सिजनचे प्रमाण वेगळ्या प्रकारे बदलत असल्यामुळे मिश्र चकत्यांचे मोजमाप गोंधळात टाकते. फोरॅमिनिफेराच्या कवचातले जड ऑक्सिजनचे, म्हणजे ऑक्सिजन-१८ या समस्थानिकाचे, प्रमाण तीन गोष्टींनी बदलते: पाण्याचे तापमान, पृथ्वीवर साठलेला बर्फ आणि त्या जागेचे गोड्या-खाऱ्या पाण्याचे गणित. हिमयुगाच्या शिखरावर बर्फामुळे सगळ्या महासागराचे प्रमाण सुमारे १ प्रतिसहस्राने वाढते. तापमान एक अंशाने उतरले, तर सुमारे ०.२ प्रतिसहस्र वाढ होते, म्हणजे अडीच अंशांचा वाटा अर्धा प्रतिसहस्र. फोरॅमिनिफेराच्या एकट्या आकड्यातून हे तीन घटक वेगळे करता येत नाहीत. शैवालाच्या चरबीने तापमान स्वतंत्रपणे दिले, बर्फाचा वाटा जागतिक नोंदींतून घेतला, की उरलेला भाग क्षारतेचा.

मालदीवजवळची क्षारता मोसमी पावसाशी बांधलेली आहे. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचे कमी खारे पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेकडे येते, आणि ते पाणी कमी खारे असते ते गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांनी वाहून आणलेल्या नैर्ऋत्य मोसमी पावसामुळे. पाऊस कमजोर झाला, की मालदीवचे पाणी खारट होते. अशा प्रकारे एका शैवालाच्या चरबीतून आणि दुसऱ्या जीवाच्या चुन्यातून भारतीय उपखंडावरच्या पावसाची खूण काढता आली. मोसमी पावसावर ज्यांचे वर्ष ठरते अशा आपल्यासारख्या लोकांना या गाभ्यात विशेष रस वाटावा, तो यासाठी.

कालगणनेचा प्रश्न

इथे थोडे थांबून वयाचा विचार करणे भाग आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. फ्रांक बासिनो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याच गाभ्याच्या ऑक्सिजन नोंदीची पृथ्वीच्या कक्षेतील ज्ञात बदलांशी सांगड घातली. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो त्या परांचन गतीमुळे ऋतूंतली सौर ऊर्जा साधारण १९,००० आणि २३,००० वर्षांच्या लयीत बदलते. मालदीवच्या नोंदीत ही लय इतर गाभ्यांपेक्षा ठळक दिसते, कारण जागतिक बर्फाच्या संकेतावर स्थानिक, म्हणजे मोसमी, क्षारतेचा संकेत चढलेला आहे. परिणामी समस्थानिक टप्पे (ऑक्सिजनच्या नोंदीवरून पाडलेले उष्ण-थंड काळांचे क्रमांकित भाग) १७ आणि १८ मध्ये, त्या वेळच्या प्रमाण आलेखात नसलेली तीन जादा आवर्तने इथे सापडली. ती धरून हिशेब केल्यावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या शेवटच्या मोठ्या उलटापालटीचे वय ७,७५,००० वर्षे, अधिक-उणे १०,००० असे आले. पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने तोवर मानलेले ७,३०,००० हे वय कमी ठरले. निकोलस शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या गाभ्यावरून ७,८०,००० वर्षे सुचवली होती आणि लाव्हांच्या नव्या किरणोत्सारी मोजणीनेही तीच दिशा दाखवली. तीन वेगळ्या वाटांनी आलेली ही एकवाक्यता नसती, तर पुढच्या निष्कर्षावर विश्वास ठेवणे अवघड होते.

दुसरी साक्ष: खोल थरात राहणारी जात

ल्युक बोफोर आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास थेट कवचांवर उभा आहे. त्यांना तापमान नव्हे, तर समुद्राची उत्पादकता हवी होती. त्यांनी फ्लोरिस्फेरा प्रोफंडा ही एकच जात मोजली.

बहुतेक कोकोलिथोफोर उजेडाच्या वरच्या थरात राहतात. फ्लोरिस्फेरा प्रोफंडा मात्र साधारण ६० ते १८० मीटर खोलीवर, अगदी क्षीण उजेडात जगते. वारा जोरात वाहिला, की पाणी घुसळते, खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि वरच्या थरातल्या जाती माजतात. अशा वेळी गाळात प्रोफंडाची टक्केवारी घटते. वारा पडला, की पाण्याचे थर स्थिर होतात, पोषकद्रव्ये खोलवर अडकतात, वरचे रहिवासी उपाशी राहतात आणि तळघरातल्या प्रोफंडाचा वाटा वाढतो. बार्बरा मोल्फिनो आणि अँड्र्यू मॅकइंटायर यांनी हे नाते १९९० मध्ये अटलांटिकच्या विषुववृत्तीय भागात वापरले होते.

मोजणीचे काम डोळ्यांचे आहे. चिमूटभर गाळ पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरतात, वाळवतात आणि ध्रुवित प्रकाशात हजारपट मोठा करून पाहतात. पार्श्वभूमी काळी असते. तीत गोल चकत्या उजळून दिसतात आणि प्रत्येकीवर एक काळी फुली असते. कडेभोवती वळणाऱ्या स्फटिकांच्या दिशांमुळे ती उमटते आणि काचपट्टी फिरवली, तरी जागेवर राहते. प्रोफंडाचे तुकडे वेगळे असतात: लहान, चौकोनी, सपाट फरशांसारखे, फुली नसलेले. अशी काही शे कवचे ओळखून झाली, की एका नमुन्याची टक्केवारी मिळते. मग पुढचा नमुना. नंतर बोफोर यांच्याच गटाने ही ओळख संगणकावर सोपवणारी प्रणाली उभी केली, पण जातींची पारख शिकवण्यासाठी माणसाचा डोळा लागलाच.

टक्केवारीपासून उत्पादकतेकडे जाण्यासाठी त्यांनी हिंदी महासागराच्या आजच्या पृष्ठीय गाळातली प्रोफंडाची टक्केवारी आणि त्या त्या जागेचे आजचे प्राथमिक उत्पादन, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाने बांधला जाणारा कार्बन, यांचे नाते काढले. ते सरळ रेषेत नाही. टक्केवारीत ३ मिळवून तिचा दशमान लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला २७९ ने गुणायचे आणि तो गुणाकार ६१७ मधून वजा करायचा. उत्तर दर चौरस मीटरला वर्षाला किती ग्रॅम कार्बन, असे मिळते. प्रोफंडा २० टक्के असेल, तर सुमारे २३७ ग्रॅम. ५० टक्के असेल, तर सुमारे १३६. म्हणजे टक्केवारी कमी असताना तिच्यातला लहानसा फरकही उत्पादकतेत मोठी उडी घडवतो, आणि टक्केवारी जास्त असताना तोच फरक जवळजवळ जाणवत नाही. आलेखातली उंच शिखरे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

गेल्या ९,१०,००० वर्षांत मालदीवजवळची उत्पादकता वर्षाला दर चौरस मीटरमागे ७० ते ३९० ग्रॅम कार्बन इतक्या मोठ्या पल्ल्यात हेलकावत राहिली, असे दिसून आले. हे हेलकावे बर्फाच्या आवर्तनामागे चालत नाहीत. विषुववृत्तावर फेब्रुवारीत पडणाऱ्या सौर ऊर्जेशी ते पाऊल जुळवून चालतात, तर त्याच गाभ्यातल्या ऑक्सिजनच्या नोंदीशी त्यांचे नाते प्रत्येक कक्षीय आवर्तनात वेगळे निघते. उत्तरेकडच्या हिमथरांनी उष्ण कटिबंधाला हुकूम द्यावा आणि त्याने तो पाळावा, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. या गाभ्याने दाखवले, की विषुववृत्तीय हिंदी महासागर सूर्याला थेट प्रतिसाद देतो.

दुवा वाऱ्यांचा आहे. मोसमी वारे बदलण्याच्या दोन संधिकाळांत, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विषुववृत्तावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यांनी ढकललेला पूर्वगामी प्रवाह क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये वर्णिला. या वाऱ्यांचा जोर प्रशांत महासागरातल्या दक्षिणी आंदोलनाशी, म्हणजे एल निन्योच्या हवेच्या दाबाच्या झोक्याशी, निगडित आहे. म्हणून बोफोर यांनी सुचवले, की परांचन गती दक्षिणी आंदोलनाला हलवते, ते वाऱ्यांना आणि वारे शैवालांना. पहिले दोन दुवे सूचना आहेत, शेवटचा मोजलेला आहे. हा फरक उद्धृत करणाऱ्यांकडून बऱ्याचदा सुटतो.

साक्षींची उलटतपासणी

अल्केनोनचा सर्वांत मोठा दोष उष्ण पाण्यातच प्रकट होतो. म्युलर यांच्या सूत्रात तापमान सुमारे २९ अंश झाले, की निर्देशांक १ होतो आणि पुढे सरकायला जागाच उरत नाही. मालदीवचे आजचे पाणी या मर्यादेच्या अगदी जवळ आहे. तिथे तीन बंधांचे शिखर इतके खुजे असते, की यंत्राच्या मापनातली बारीक चूकही तापमानात उमटते. कोरिन सोन्झोन्यी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उष्ण हिंदी महासागरासाठी वेगळे नाते ठरवले, त्यात उतार ०.०३३ ऐवजी ०.०२३ आहे. ०.९८ या निर्देशांकाला जागतिक सूत्र २८.४ अंश म्हणते, हे सूत्र २८.९. आजचे आकडे फारसे बदलत नाहीत, पण हिमयुगाशी असलेला फरक बदलतो: निर्देशांक ०.९२ पासून ०.९८ पर्यंत चढला, तर एक सूत्र १.८ अंशांची वाढ देते आणि दुसरे २.६ अंशांची. उष्ण कटिबंध किती थंडावला या वादात पाऊण अंश लहान नव्हे.

दुसरी शंका जातींबद्दल आहे. एमिलियानिया हक्सलेयी गाळात सुमारे २,९०,००० वर्षांपूर्वी प्रथम दिसते आणि तिचे वर्चस्व तर गेल्या ८०-९० हजार वर्षांतलेच आहे. त्याआधीचे अल्केनोन जेफिरोकॅप्सा जातींनी बनवले. मग एकीचे सूत्र दुसरीला कसे लावायचे? सुदैवाने गाळातल्या नोंदीत हा बदल होताना तापमानात खोटी पायरी उमटत नाही. दोघींचे जनुकीय नाते इतके जवळचे आहे, की एमिलियानियाला जेफिरोकॅप्सा प्रजातीतच घालावे असा प्रस्ताव अलीकडे पुढे आला आहे.

गाळ ढवळला जाण्याची अडचण खरी आहे, पण मर्यादित. तळावरचे किडे वरचा काही सेंटीमीटरचा थर सतत उकरत असतात, त्यामुळे हजार-दोन हजार वर्षांहून जलद बदल इथे पुसले जातात. २३,००० वर्षांच्या लयीला त्याने धक्का बसत नाही. बारीक कणांचे आडवे वहन अधिक धोक्याचे आहे: बर्म्युडाजवळच्या एका गाळात अल्केनोन त्याच थरातल्या फोरॅमिनिफेरापेक्षा हजारो वर्षे जुने निघाले, कारण प्रवाहांनी ते दुसरीकडून आणून टाकले होते. मालदीवच्या उतारावर तसा वेगाने साचणारा प्रवाही गाळ नाही. मात्र तिथे प्रवाळ बेटांवरून ओघळणारा चुना मिसळतो. म्हणूनच गाळातल्या एकूण चुन्याच्या प्रमाणावरून शैवालांविषयी काही ठरवणे इथे चुकीचे ठरले असते. कवच ओळखून मोजल्यामुळे हा दोष टळला.

अरबी समुद्राच्या गाळावर काम करणाऱ्या, विशेषतः गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या परंपरेतल्या अभ्यासकांना हे सगळे प्रश्न रोजचेच आहेत. तिथे उन्हाळी मोसमात खालून वर येणारे थंड पाणी वार्षिक सरासरीलाच झुकवते, त्यामुळे मालदीवचे निष्कर्ष तसेच्या तसे उचलून कोकण किनाऱ्यासमोर ठेवता येत नाहीत.

कवचाच्या जाडीचा पुढचा प्रश्न

आजची उत्सुकता कवचाच्या वजनाकडे वळली आहे. बोफोर यांच्याच गटाने २०११ मध्ये समुद्राच्या पृष्ठभागाचे १८० आणि गाळाचे ५५५ नमुने तपासून दाखवले, की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कार्बोनेट आयन घटतात तसतशी चकत्यांची जाडी कमी होते. याच अभ्यासात एक अपवादही सापडला: चिलीच्या किनाऱ्याजवळच्या कमी पीएचच्या पाण्यात एमिलियानिया हक्सलेयीचा जाड कवचाचा प्रकार सुखाने राहत होता. म्हणजे पातळ चकती दिसली, की आम्लीकरण, असे सरळ म्हणता येत नाही. कोणता प्रकार तिथे राहतो यावरही जाडी ठरते.

२०२२ मध्ये याच गटाने उष्ण कटिबंधातल्या गाभ्यांवरून गेल्या २८ लाख वर्षांतल्या कोकोलिथांचे आकारमान आणि रूप मांडले, तेव्हा त्यात सुमारे १,००,००० आणि ४,०५,००० वर्षांची लय निघाली. ही पृथ्वीच्या कक्षेच्या लंबवर्तुळपणाची लय आहे. कक्षा जास्त लांबट असताना उष्ण कटिबंधातही ऋतूंमधला फरक वाढतो आणि वेगवेगळ्या आकारांच्या जातींना वर्षभरात वेगवेगळी संधी मिळते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. याचा थेट अर्थ असा, की मालदीवसारख्या गाभ्यातल्या चकत्यांच्या सरासरी वजनात दिसणारा चढउतार काही अंशी जातींच्या उत्क्रांतीचा आहे आणि काही अंशी पाण्याच्या रसायनाचा. ज्यांना त्यातून जुन्या समुद्राची आम्लता वाचायची आहे, त्यांना आधी प्रत्येक थरात जाती वेगळ्या करून, एकाच आकाराच्या चकत्यांची जाडी थरागणिक मोजावी लागेल आणि शंका आली तिथे त्याच थरातल्या फोरॅमिनिफेराच्या कवचातल्या, पाण्याच्या आम्लतेनुसार बदलणाऱ्या बोरॉनच्या प्रमाणाशी ती ताडून पाहावी लागेल.